उपाशी पोटी, फक्त चहा

नर्सने साजूक तूप घातलेला गरम भात पुढे ठेवला, तेव्हा वैजयंती कदमला हसूच फुटलं. पित्ताशयात खडे निघाल्यापासून तुपाकडे बघायचीही बंदी होती, आणि इथे दवाखान्यातच आग्रह करकरून वाढत होते!

"खा, वैजयंतीताई. तूप पोटात गेल्याशिवाय पित्ताशय बोलायचं नाही," डॉ. समीना मुजावर म्हणाल्या. त्यांनी तिच्या उजव्या बरगडीखाली तळहाताएवढा पट्टा चिकटवला होता. त्याचं नाव पित्तनाद. तुपातेलाचं जेवण आतड्यात पोचलं की पित्ताशय आवळतं, पित्तनळीच्या टोकाची झडप उघडते आणि पित्त खाली उतरतं. पट्टा ही हालचाल टिपायचा आणि तिचा आवाज करून ऐकवायचा. हे नवं यंत्र आल्यापासून मिरजेत त्याचीच चर्चा होती.

वैजयंतीचं पोट बराच वेळ गप्प राहिलं. मग नळाला पाणी येण्याआधी होते तशी जराशी खरखर झाली, आणि पुन्हा सगळं शांत. पुढच्या आठवड्यात तिचं पित्ताशय काढायचं ठरलंच होतं, त्यामुळे तिला फारसं नवल वाटलं नाही.

"आता मला लावा ना! माझं बघा कसं ठणठणीत वाजतंय," तिची लेक केतकी म्हणाली. पोरीला आजवर कधी पोटदुखी माहीत नव्हती. तिने हौसेने तूपभात चापला.

केतकीचाही पट्टा वाजेना. डॉक्टरांनी लगेच सोनोग्राफी केली. खडा नव्हता, पण पित्ताशयाच्या तळाशी दाट गाळ साचला होता.

"म्हणजे माझंही कापायचं?" केतकीने घाबरून विचारलं.

"आमच्या घराण्यातच आहे हो हे," वैजयंती कळवळून म्हणाली. "आईचं काढलं, मावशीचं काढलं, आता माझं. माझं काय व्हायचं ते होऊ दे, पण हिला वाचवा, डॉक्टर!"

डॉक्टर दोघींचे रक्ताचे रिपोर्ट बघत होत्या. "थायरॉईडच्या गोळ्या चालू असून दोघींचा थायरॉईड इतका मंद कसा? थायरॉईड मंदावला की पित्त घट्ट होतं आणि ती झडपही लवकर सैल सुटत नाही, असा संशय जुनाच आहे. गोळी चुकते का हो?"

"छे! एक दिवस नाही. मी स्वतः हिला अंथरुणात नेऊन देते. अगदी उपाशी पोटी, चहाबरोबर."

"चहाबरोबर?"

"मग? चहा काय खाणं आहे? एकादशीलासुद्धा चालतो की!"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो ताई, एकादशीला चालतो, थायरॉईडला नाही! दुधाच्या चहाबरोबर ही गोळी अंगात नीट मुरतच नाही. नुसतं पाणी घ्यायचं, आणि तासभर चहाचं नाव काढायचं नाही."

वैजयंतीला रडूच कोसळलं. इतक्या मायेने ती रोज तो कप नेत होती.

तिचे खडे केव्हाच घट्ट झालेले, ते काही विरघळणार नव्हते. ऑपरेशन झालं. केतकी मात्र रोज सकाळी पाण्याबरोबर गोळी घ्यायची आणि चहासाठी कुरकुरत घड्याळाकडे बघत बसायची. दिवाळीनंतर तिने पुन्हा तूपभात खाल्ला. थोड्या वेळाने पट्ट्यातून आधी खरखर आली आणि मग चांगली खळखळ सुरू झाली. "वाजलं गं बाई!" वैजयंती ओरडली आणि तिने लेकीला मिठीच मारली.

"गाळ कमी झालाय," पुन्हा सोनोग्राफी करून डॉक्टर हसून म्हणाल्या. "पण गोळीमुळेच झाला, असं एका मुलीवरून मी छातीठोक सांगणार नाही. अजून पुष्कळ पोटं ऐकायची आहेत."

घरी येताच वैजयंतीने तासगावला फोन लावला. "आई, थायरॉईडची गोळी तू कशाबरोबर घेतेस गं?"

"चहाबरोबर. आणि तुझी मावशीही. का गं? तुला मीच नाही का तशी सवय लावून दिली?"

वैजयंतीला प्रश्न पडला. या घराण्यात आईकडून लेकीकडे नेमकं काय चालत आलं होतं, खडे की सकाळचा तो चहा?