मागाहून आलेली धाकटी

बहात्तर साली भवानीपूरच्या मराठी मंडळात रविवारी दुपारी मुलांना सिनेमा दाखवत. खिडक्यांवर चादरी टाकायच्या, भिंतीवर धुवट धोतर ताणायचं, की झालं थिएटर. त्या रविवारी मंडळाचं प्रोजेक्टर चालवणाऱ्या चारुदत्तनं वडिलांच्या ट्रंकेतून एक जुना मूकपट काढून आणला, परीकथेवरचा. मध्ये मध्ये इंग्रजी पाट्या येत. त्या मराठीत वाचून दाखवायचं काम कालिंदीकडे आलं. नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे ती वर्षापूर्वी कलकत्त्यात आली होती. चार वर्षांची लीना तिच्या मांडीवर.

तीन भावंडं बर्फात वाट चुकून चेटकिणीच्या घरात अडकतात. शेवटी दोघं धावत सुटतात, दार मिटतं, धाकटी आतच. घरी आई दोघांना कवटाळते. मग पाटी: धाकटी परतली नाही.

लीना मांडीवर ताठ झाली.

कालिंदीनं न अडखळता वाचलं, "आणि मग धाकटीसुद्धा घरी आली."

पोरांनी टाळ्या पिटल्या. रीळ गुंडाळता गुंडाळता चारुदत्त हसला. "वहिनी, बेमालूम थाप मारता हो!"

"मग काय रडवू पोरांना, भावजी?"

"पण ती दिसली कुठे?" लीनानं विचारलं.

"दमली होती ना राणी. मागाहून आली."

पुढच्या रविवारी मुलांनी तोच सिनेमा मागितला. कालिंदीचं वाक्य तयारच होतं. दोघं सुटली. दार मिटलं. आईनं दोघांना जवळ घेतलं.

मग चेटकिणीचं दार उघडलं.

धाकटी बाहेर आली. बर्फातून सावकाश चालत घरी पोचली. आईनं तिला उचलून घेतलं. पाटी आलीच नाही.

"भावजी, रीळ बदललंत?"

"नाही हो." चारुदत्तचा हात मशीनवर तसाच राहिला होता.

पडद्यावर चेटकिणीचं दार पुन्हा मिटत होतं.

कालिंदीनं लीनाला घट्ट धरलं. होती, मांडीवरच होती. फक्त तळवे बर्फासारखे गार.

परतताना ट्राममध्ये लीना खिडकीशी उभी राहून बडबडत होती, हातवारे करत, भुवया उंचावत. टॉलीगंज जवळ आल्यावर कालिंदीच्या ध्यानात आलं. ट्रामची घंटा ऐकू येत होती. कंडक्टरची हाक ऐकू येत होती. लीनाचं अक्षरही नाही.

तिनं लेकीचा चेहरा ओंजळीत धरला आणि तिचे ओठ वाचले, पाटी वाचावी तसा एकेक शब्द.

आई, दार उघड.