दहावा ठोका

ही घटना खरी आहे. तीत मध्यरात्र नाही, स्मशान नाही, वाऱ्याने आपटणारे दारही नाही. म्हणूनच नंदू ती कुणाला सांगायला धजत नसे. भूत म्हटले की लोकांना निदान अंधार तरी हवा असतो.

हे घडले दुपारी चार वाजता.

गेल्या नोव्हेंबरातले तीन शनिवार. आठ, पंधरा आणि बावीस तारीख. गाव वॉटफर्ड. पहिले दोन शनिवार अण्णांच्या रिकाम्या घरात, तिसरा मराठी मंडळाने त्यांच्या शोकसभेसाठी घेतलेल्या हॉलमध्ये.

अण्णा म्हणजे मुरलीधर, नंदूचे वडील. कोल्हापूरच्या तालमीत घडलेले, पासष्ट साली इंग्लंडला आलेले. आठवडाभर कारखान्यात मशीनवर, आणि सुट्टीच्या दिवशी रिंगमध्ये. त्या काळी इथल्या प्रादेशिक टीव्हीवर शनिवारी चार वाजता कुस्ती दाखवत. तीत अण्णा 'मद्रासचा महाराजा' असत. मद्रास त्यांनी जन्मात पाहिले नव्हते. जरीचा फेटा, डोळ्यांत काजळ, चिकटवलेल्या मिशा. महाराजाने आधी लबाडी करायची, मग मार खायचा, मग उताणे पडून पंचाचे दहा आकडे ऐकायचे. पंच प्रत्येक आकड्याला तळहाताने फळीवर ठोका देई. निकाल कपडे बदलायच्या खोलीतच ठरलेला असे.

तालमीचा कायदा वेगळा होता. पाठीला माती लागली की कुस्ती गेली. बस, एवढाच.

येताना अण्णांनी तांबड्या मातीचा एक डबा आणला होता. प्रत्येक कुस्तीआधी त्यातली चिमूटभर ते कॅनव्हासवर टाकत आणि कपाळाला लावत. प्रेक्षकांना तो जादूटोणा वाटे. ते हुर्यो करीत. आणि सोमवारी शाळेत मुले नंदूसमोर गवतावर उताणी पडत, डोळे फिरवत, दहापर्यंत मोजत.

अण्णा गेले ऑक्टोबरच्या शेवटी, पंच्याऐंशीव्या वर्षी. डब्यातली उरलेली माती नंदूने शवपेटीत त्यांच्या पायांशी ओतली. सगळी. मग डबा विसळला आणि रिसायकलिंगच्या पेटीत टाकला.

हे लक्षात ठेवायला हवे.

आठ नोव्हेंबरला नंदू मिल्टन कीन्सहून एकटाच घर आवरायला आला. खिडकीत उजेड विझत चालला होता, त्या देशात विझतो तसा, कुणालाही न सांगता. तो स्वयंपाकघरात कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत होता.

चार वाजले.

आणि वर… अण्णांच्या खोलीत… काहीतरी पडले.

वस्तू नव्हे. वस्तू पडली की घरंगळते, निदान कुरकुरते. हा आवाज सपाट होता. अख्खी पाठ एकदम जमिनीला टेकावी, तसा.

नंदूने हातातली बशी खाली ठेवली.

मग ठोके सुरू झाले. लाकडावर उघड्या तळहाताचे. एक… दोन… तीन… सावकाश, न चुकता.

नऊ.

दहावा आलाच नाही.

तो वर गेला. गादी नेलेला पलंग, उघडे कपाट, खिडकीला कडी. खोलीत कुणीही नव्हते. पण आत पाऊल टाकताना त्याला संकोच वाटला. कुणीतरी थांबले आहे आणि आपल्याला उशीर झाला आहे, असा संकोच.

नवाचा अर्थ या जगात एकाच माणसाला ठाऊक होता. तोच आता उंबऱ्यावर उभा होता.

पुढच्या शनिवारी त्याने ईशिताला बोलावून घेतले. ईशिता त्याची मुलगी, ब्रिस्टलमध्ये विमानांच्या पंखांवर काम करणारी, अडखळत मराठी बोलणारी. आजोबांवर तिचा जीव होता. कपाटात तिला आधीच एक व्हिडिओ कॅसेट सापडली होती. तिच्यावर आजीच्या, म्हणजे लीलावतींच्या, अक्षरात चिठ्ठी होती : 'यांची कुस्ती. पुसू नये.' शोकसभेत दाखवावी म्हणून ईशिताने ती एका दुकानातून संगणकावर उतरवून आणली होती.

त्यात दीड तास स्नूकर होते.

तिला हसू आले होते. नंदूला आले नाही.

ती लॅपटॉप मिटत असतानाच चार वाजले. वर पाठ टेकल्याचा आवाज झाला. मग ठोके. ईशिताचे ओठ नकळत मोजू लागले आणि नवावर उघडेच राहिले. दोघे वर जाऊन आले. खोली तशीच होती.

"नाईनला का थांबलं?" तिने विचारले.

नंदू जिन्याच्या पायरीवर बसला, आणि एक्केचाळीस वर्षांत प्रथमच त्याने ते सांगितले.

एकोणीसशे चौऱ्याऐंशीतला एक शनिवार. अण्णांची ओव्हरटाइम पाळी होती, आई लाँड्रीत कामाला. महिन्याभरापूर्वी टाऊन हॉलमध्ये झालेली कुस्ती त्या दिवशी दाखवणार होते. अण्णांनी बारा वर्षांच्या नंदूला बजावले होते, चारला रेकॉर्डिंगला टेप लाव. का, ते सांगितले नव्हते. आईने चिठ्ठी आधीच चिकटवून ठेवली होती. नंदूने टेप लावली, पण दुसऱ्या चॅनेलवर. चुकून नव्हे. बापाचे आणखी एक पडणे घरात जपून ठेवायचे नव्हते, म्हणून.

आणि मग तो एकटाच कुस्ती पाहत बसला, आवाज बंद करून.

महाराजा पडला. पंचाचा हात फळीवर आपटू लागला. सात. आठ. नऊ.

महाराजा उठला.

ठरलेले मोडून उठला. फेटा नव्हता, अर्धी मिशी निघाली होती, आणि समोरचा गोरा पैलवान गोंधळून पंचाकडे बघत होता. अण्णांनी त्याला कंबरेत धरले, तालमीत शिकवतात तसे उचलले आणि खाली घातले. खरी कुस्ती. अर्ध्या मिनिटाची. त्यानंतर त्यांना पुन्हा कुणी रिंगमध्ये बोलावले नाही.

सोमवारी शाळेत कुणी विषयच काढला नाही. पडलेला बाप सगळ्यांच्या लक्षात राहतो, उठलेला कुणाच्याच नाही.

त्या रात्री अण्णांनी आंघोळ केली, स्वच्छ सदरा घातला, आईला शेजारी बसवले आणि टेप सुरू केली. हिरव्या टेबलावर रंगीत चेंडू फिरू लागले. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, असू दे, बटण चुकले असेल. तू तरी पाहिलीस ना?

नंदूने सांगितले, नाही. मी खेळायला गेलो होतो.

त्या वाहिनीने जुन्या टेपा पुसून पुन्हा वापरल्या. पुरावा उरला नाही. मंडळात अण्णा कधी सांगू लागले की हशा पिकायचा. शशीकाका, मंडळाचे जुने सेक्रेटरी, अण्णा खुर्चीतून उठू लागले की म्हणायचे, "पैलवान, दहा मोजू का?" एका गणपतीत अण्णांनी त्या हशातून नंदूकडे पाहिले होते. नुसते पाहिले. आणि नंदू सगळ्यांबरोबर हसला होता.

अखेरच्या आठवड्यात, हॉस्पिटलात, अण्णा छताकडे बघत स्वच्छ आवाजात बोलले होते.

"नंदू, त्या शनिवारी पाऊस होता. तू कुठं खेळायला गेला होतास?"

आणि नंदू म्हणाला होता, "झोपा आता, अण्णा."

ईशिताने विचारले, "आजोबा खरं बोलत होता. आणि तुम्हाला माहीत होती?" तिच्या मोडक्या मराठीत ते अधिकच उघडे पडले. शोकसभेत सगळ्यांसमोर हे सांगायचे, असे तिने त्याच्याकडून कबूल करून घेतले. कागदावर दोनच वाक्ये त्याच्याच हाताने लिहवून घेतली : 'ते नवाला उठले. मी पाहिले.'

बावीस तारीख. प्लास्टिकच्या खुर्च्या, चहाचा थर्मास, हार घातलेला फोटो. चाळीसएक माणसे. आधी शशीकाका बोलले, गहिवरून बोलले, आणि शेवटी त्यांना राहवले नाही. म्हणाले, आमचा पैलवान या खेपेला काही उठला नाही. लोक हळूच हसले. प्रेमानेच हसले.

नंदू उभा राहिला. चारला पाच मिनिटे होती.

तो चांगले बोलला. कष्ट, परदेश, माती, संस्कार. प्रत्येक शब्द इस्त्री केलेला. ईशिता भिंतीशी उभी होती. तिच्या नजरेला त्याने नजर दिली नाही.

कागद हातात होता. वाक्ये डोळ्यांसमोर होती. पण ती उच्चारली की लोक विचारणार, मग इतकी वर्षे का नाही सांगितलेस? पहिल्या रांगेत शशीकाका रुमालाने डोळे टिपत होते. चाळीस चेहरे. चाळीस कप चहा.

त्याने कागदाची घडी घातली.

"आभारी आहे," तो म्हणाला.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले.

आणि… डोक्यावर… काहीतरी सपाट पडले.

एक. दोन. तीन. कुणीतरी खुर्ची सरकवली. चार. पाच. कुणीतरी विचारले, वर डान्स क्लास असतो का? सहा. सात. शशीकाकांनी रुमाल खाली घेतला. आठ.

नऊ.

मग शांतता.

ही शांतता नेहमीपेक्षा लांब होती. ईशिता त्याच्याकडे बघत होती. अजून वेळ होता. एवढा वेळ होता की पाच शब्दांची दोन वाक्ये सहज मावली असती. माइक तोंडासमोर होता. नंदूने ओठ उघडले.

ओठ मिटले.

दहा.

तो ठोका हळू होता. दमल्यासारखा.

डान्स क्लास वगैरे काही नव्हता. त्या हॉलला वरचा मजलाच नाही.

पुढे चहा झाला, लोक गेले. नंदू फोटो उतरवत होता तेव्हा ईशिता मागून आली.

"बाबा, तुमच्या पाठीवर काय लागलंय?"

त्याने कोट काढला. बोलायला उठल्यापासून तो कुठेही टेकला नव्हता, बसलाही नव्हता. काळ्या कोटावर, दोन्ही खांद्यांच्या खाली, तळहाताएवढे दोन डाग होते. कोरडे. तांबडे. बोट लावले तर बोटाला येणारे.

ईशिताने बोट नाकाशी नेले. मग त्याच्याकडे पाहिले, आणि ब्रिस्टलची गाडी पकडायला निघून गेली.

त्यानंतर शनिवारी चार वाजता काहीच ऐकू येत नाही. वॉटफर्डच्या घरात तो आणखी दोनदा मुद्दाम जाऊन बसला. एकच ठोका आला तरी चालेल, म्हणून कान देऊन बसला. घर गप्प होते. मोजणारा निघून गेला होता.

कोट ड्रायक्लीनिंगहून परत आला, डाग निघत नाही अशा चिठ्ठीसकट. ईशिताचे मेसेज येतात. एका शब्दाचे.

आता मिल्टन कीन्सच्या घरात शनिवारी चार वाजले की नंदू खुर्ची भिंतीला टेकवून बसतो. उठल्यावर सदरा काढून आरशासमोर उभा राहतो. मान वळवतो, खांदा वळवतो. पण स्वतःची पाठ माणसाला धड दिसत नाही. ती दुसऱ्या कुणीतरी पाहावी लागते, आणि पाहिले तर सांगावे लागते.

घरात दुसरे कुणी नाही.