लेस्टरच्या तीन पुंगळ्या

हरणांच्या शिकारीचा हंगाम संपला की अमेरिकेतल्या मोंटानातला आमचा हिवाळा गॅरेजमध्ये जातो. काडतुसांच्या वापरलेल्या पितळी पुंगळ्या मक्याच्या कणसांच्या भुशात टाकायच्या, थरथरणाऱ्या भांड्यात चार तास घोळवायच्या, चाळायच्या आणि पुन्हा बारूद भरायला ठेवायच्या. चाळीस वर्षं जमिनीची मोजणी केलेला माणूस मी. जे मोजता येत नाही ते मानत नाही.

गावात कुणी माजी सैनिक गेला की आम्ही सात म्हातारे कबरीशी उभे राहून मानवंदनेचे तीन बार काढतो. गोळी नसलेली, नुसत्या बारुदाची काडतुसं. तोंड पाकळ्यांसारखं मिटलेलं, बार उडाला की उघडतं. त्यातल्या तीन पुंगळ्या वेचून, चकचकीत करून घरच्यांना द्यायच्या. शवपेटीवरच्या, घडी घातलेल्या झेंड्यात त्या जन्मभर राहतात. हे काम माझं.

जानेवारीत आर्विड हॉगन गेला. माझा जिवाभावाचा दोस्त. त्या दिवशी डोळ्यांतलं पाणीही गोठत होतं. पुंगळ्या उडून बर्फात रुतल्या. मी एकदा हात घातला आणि काढून घेतला.

"बोटं गळून पडतील रे, एल्डन," आमच्यातला डेल म्हणाला. "मग नाक कशानं कोरशील? चल, चर्चच्या तळघरात कॉफी गार होतेय."

मी गेलो. आर्विडसाठी दुसऱ्यांदा वाकलो नाही. दुसऱ्या दिवशी बर्फ उपसणारी गाडी फिरली आणि सगळंच गेलं.

घरी कॉफीच्या जुन्या डब्यात तीन पुंगळ्या होत्या, लेस्टर क्वेडच्या अंत्यविधीच्या. लेस्टरला मागे कुणीच नव्हतं, म्हणून त्या माझ्याकडे राहिलेल्या. पेटीत निजवताना त्याच्या कोटाचं तुटलेलं बटणही मीच तारेनं बांधलं होतं, सुईदोरा शोधायचा कंटाळा म्हणून. म्हटलं, ज्याचं कुणी नाही त्याचं कोण विचारणार? त्याच तिन्ही उजळल्या आणि आर्विडच्या बायकोला, मार्लिसला नेऊन दिल्या. तिनं माझे दोन्ही हात धरून आभार मानले. लाज वाटली, पण मी ती गिळली.

फेब्रुवारीत पहिल्यांदा भुसा ओला निघाला. गॅरेजचं छप्पर कोरडं, शेगडी चालू. मी भांडं तपासलं, भुसा बदलला. पुढच्या खेपेला तो ओला तर होताच, वर बर्फासारखा गार. एरवी चार तासांनी तो कोमट लागतो.

मार्चच्या पहिल्या शनिवारी चाळणीत माझ्या पुंगळ्यांबरोबर तीन जास्त आल्या. काळ्याकुट्ट. तोंडाच्या पाकळ्या उघडलेल्या, आत घट्ट बसलेला बर्फ.

लिंबाच्या पाण्यात उकळल्या. घासल्या. उजळल्या.

फडक्यावर ठेवल्या आणि बघता बघता पुन्हा काळ्या पडल्या.

आतला बर्फ तसाच होता.

रविवारी भर दुपारी त्या खिशात घालून मार्लिसकडे गेलो.

"चोरासारखा दारात काय उभा?" ती म्हणाली. "ये आत, लेफ्साच्या गरम पोळ्या केल्यात."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी तिन्ही ठेवल्या आणि सगळं सांगून टाकलं. मान वर करवत नव्हती.

"अरे, कळलंय मला," ती म्हणाली. "तो सकाळीच येऊन त्याच्या घेऊन गेला की."

"कोण तो?"

"नाव नाही सांगितलं. म्हणाला, बाई, या माझ्या आहेत, आर्विडच्या एल्डन घेऊन येतोय. मला वाटलं, तूच पाठवलंस. भला माणूस. बूट नुसते चिंब, आणि कोटाचं बटण चक्क तारेनं बांधलेलं! म्हटलं, बसा, दोन टाके घालून देते. तर नको म्हणाला."

मार्लिसनं आर्विडच्या पुंगळ्या एकेक करून एप्रनला पुसल्या. त्या लख्ख निघाल्या.

"जाताना एकच विचारलं त्यानं," ती म्हणाली. "एल्डन माझ्याबद्दल कधी काही बोलतो का?"

"मग?"

"मग काय सांगणार? म्हटलं, नाही बुवा. कधीच नाही."