बंगल्यावरची हाक

ही घडलेली गोष्ट आहे. येसाजी माझ्या बायकोचा चुलता. ती असती तर तिनंच सांगितली असती. आता मी सांगतो.

साल १९४६. खालापूरजवळची कातळवाडी. भाद्रपदातली दिवेलागण.

वाडी आधी वर माळावर होती. एका गोऱ्या साहेबाला ती जागा आवडली. त्यानं घरं उठवली, गाव खाली उतारावर बसवलं आणि माळावर बंगला बांधला. मग तीच माणसं त्याच्याकडे चाकरीला लागली. येसाजीची बायको पारूसुद्धा.

मेमसाब कधी खाली उतरली नाही. व्हरांड्यातून हाक मारायची.

"पॅरोऽऽ!"

पारू हातातलं टाकून "जीऽ" म्हणायची आणि पळत सुटायची.

पुढे मेमसाब तापानं मेली. साहेब बंगल्याला कुलूप लावून विलायतेला गेला.

तरी पारू संध्याकाळी चुलीपुढून ओ द्यायची.

शेजारची म्हातारी भागूबाई चिडवायची, "अगं, मालकीण मेली. आता पगार काय यम देनार हाय?"

पारू हसायची नाही. "हाक आली गं," एवढंच म्हणायची.

एका संध्याकाळी ती "जीऽ" म्हणून उठली… आणि उंबऱ्यातच पडली. पुन्हा उठली नाही.

तिचं तेरावं झालं त्या भाद्रपदातल्या संध्याकाळी येसाजी ओट्यावर एकटा बसला होता. पाहुणे निघून गेले होते.

तेवढ्यात वरून…

"पॅरोऽऽ…"

येसाजीनं दचकून वर पाहिलं. वाडीत तिला असं कुणी म्हणत नव्हतं.

आणि मग… बंगल्यातूनच…

"जीऽ."

पारूचा आवाज.

मरूनही सुटली नव्हती ती.

येसाजी धापा टाकत माळावर गेला. दाराला गंजलेलं कुलूप. व्हरांड्यात धूळ. धुळीत एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

त्यानं हात जोडले. "मेमसाब, लई राबली ती. सोडा तिला. तिच्या जागी मी ओ देतो."

आत काहीच हललं नाही. रातकिडेही गप्प झाले…

दुसऱ्या दिवशी हाक आली. येसाजी ओट्यावरून ओरडला, "जीऽ!"

पारूचा आवाज आला नाही.

"सुटली गं मावशी, सुटली," म्हणत तो भागूबाईपुढे रडला.

"रडू नको रं. आता दोन घास खा."

काही दिवस शांततेत गेले. मग एका संध्याकाळी भागूबाई त्याच्या ओट्यावर तांदूळ पाखडत होती…

वरून आवाज आला. मेमसाबचा नव्हता.

पारूचा होता.

"येसाजीऽऽ…"

म्हातारीच्या हातातलं सूप पडलं. तिनंही ऐकलं होतं.

येसाजी उठला. तिनं त्याचा हात घट्ट धरला.

"खुळा काय तू? पारूनं जन्मात तुझं नाव घेतलं का रं? 'अवं' म्हनायची ती. ही पारू नाय!"

येसाजी खाली बसला.

हाक रोज येत राहिली. इंग्रज गेले, बंगल्याची कौलं गळून पडली, तरी येत राहिली. येसाजीनं पुन्हा कधी ओ दिली नाही.

येसाजी म्हातारा झाल्यावर माझ्या बायकोनं त्याला विचारलं होतं, "काका, भ्या वाटतं का?"

"भ्या नाय, पोरी. पन तिथं एवढा काळ चाकरी केल्यावर मानूस मालकिनीसारखीच हाक मारायला शिकतं… ती पारूच असली तर?"