मोजणीबाहेर

शनिवार, दिनांक १० जानेवारी २०२६. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी आम्ही देवराईच्या हद्दीत पाऊल ठेवले. माणसे तीन, ॲल्युमिनियमच्या क्रमांकित पट्ट्या दोनशे, मोजफिती दोन.

गागोद्याच्या पुढे, रोह्याच्या बाजूला उतरणाऱ्या डोंगराच्या कुशीत ही देवराई आहे. विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला तिथल्या सीताअशोकाच्या प्रत्येक झाडाची नोंद हवी होती. संशोधन सुरभीचे. ती रोह्याची, तिचे तीन वर्षांचे काम या शेवटच्या मोजणीवर अडले होते. पट्ट्या बांधायला विभागाचा सहायक नितेश. मी स्थापत्याचा पदविकाधारक, चौतीस वर्षे भूमापन करून निवृत्त झालेला. आखणी आणि वही माझ्याकडे होती.

देवराईच्या तोंडाशीच काशीबाईंचे खळे आहे. त्या भाताची रास मोजत होत्या, एकाला 'लाभ' म्हणत. "लाभ, दोन, तीन..." शेवटचा ढीग मात्र त्यांनी न मोजता सुपाने बाजूला सारला.

"आजी, ते राहिलं की," नितेश म्हणाला.

"राहिलं नाय, ठेवलंय. रास पुरी मोजायची नसते. एक पायली मोजणीच्या भायेर ठेवायची. आत पन तसंच. एक झाड सोडा."

"सोडलं तर आमचे सर मला सोडतील व्हय?"

"तुजा सर येतो काय आत? तू जातोस." त्या हसल्या नाहीत.

आम्ही दोऱ्या ताणून दहा-दहा मीटरचे पट्टे आखले. सुरभी छातीच्या उंचीवर खोडाचा घेर घेई, नितेश पट्टी बांधी, मी लिही. आत पक्ष्याचा आवाज नव्हता. फक्त किड्यांची अखंड किरकिर आणि कुजक्या पानांचा गोडसर वास. वेली नेमक्या घोट्याला अडकत होत्या. मानेवर लाल मुंग्या पडत. ताणलेली दोरी दोनदा सैल सापडली. गाठी दोन्ही वेळा शाबूत होत्या.

बारा वाजून चाळीस मिनिटांनी आकडा एकशे सहासष्टवर आला. ओढ्यापलीकडे एकच झाड उरले होते.

"काका, आजी म्हणतात तर राहू दे ना हे एक," सुरभी म्हणाली. "प्रबंधात तळटीप टाकते."

"अपुरी मोजणी ही मोजणीच नव्हे," मी म्हणालो. तंत्रनिकेतनात पहिल्या वर्षी हेच शिकलो होतो आणि चौतीस वर्षे हाताखालच्यांना हेच ऐकवत आलो होतो.

ती पट्टी घेऊन एकटीच ओढा ओलांडून गेली. "घेर एकशे बेचाळीस!" पलीकडून आवाज आला. मी लिहिले. त्याच क्षणी किरकिर थांबली.

सुरभी हात पुसत परत आली. "झालं, काका. खूश?"

खळ्यावर काशीबाईंनी चहा आणला. कप दोन.

"आजी, माझा कुठाय?" सुरभीने हसत विचारले. काशीबाईंनी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि त्या घरात गेल्या. नितेशने आपल्यातला अर्धा चहा तिला दिला. "घे गो, म्हातारीला कमी दिसतं."

परतताना रिक्षावाला म्हणाला, "दोनच हाव का? मंग अजून एक सीट घेतो." वाटेत टोपली घेऊन एक बाई चढली आणि थेट सुरभीच्या मांडीवर बसली. सुरभी किंचाळून बाजूला सरकली. बाईने मागे वळूनही पाहिले नाही.

रामवाडीच्या एसटी स्थानकावर उतरल्यावर सुरभीने माझी बाही धरली.

"काका, मी आहे ना?"

"आहेस, आहेस," मी म्हणालो. माझी नजर रोह्याच्या एसटीवर होती. ती चढलेली मी पाहिली नाही.

रविवारी तिचा फोन लागेना. नितेशला विचारले. तो म्हणाला, "कोण सुरभी, काका?"

दुपारी मी रोह्याला तिच्या घरी गेलो. तिच्या आईने आदराने बसवले. "आमची एकच मुलगी, अपेक्षा. सुरभी म्हणून इथं कोणी नाय." मला जेवायचा आग्रह केला. नवरा, मुलगी, त्या स्वतः आणि मी. त्यांनी मांडणीतून पाच ताटे काढली, मोजली, क्षणभर थांबल्या आणि एक परत ठेवले.

मंगळवारी मी पक्कड घेऊन एकटाच देवराईत गेलो. एकशे सदुसष्टावी पट्टी काढायची, आकडा अपुरा करायचा, एवढेच ठरवले होते.

काशीबाई खळे सारवत होत्या.

"आता सोडून काय, भाऊ? त्याचं त्याला पोचलं."

"कुणाचं?"

"तुमाला पुरं पायजे होतं ना? घ्या आता पुरं."

मी ओढा ओलांडला.

पट्टी जागेवर होती. तार दिसत नव्हती. खोडाची साल तारेवरून वाढून मिटली होती. इतकी वाढ व्हायला वीस वर्षे लागतात. मध्ये तीन दिवस गेले होते.

पक्कड बसेना. मी नखांनी साल ओरबाडली.

आतून ओल आली. कोमट होती.

मी मागे सरलो.

किडे गप्प होते.

हे सर्व मी त्या आठवड्याच्या माझ्या वहीतून उतरवून काढले आहे. अक्षर माझेच आहे, तारखा जुळतात. सुरभी हे नाव मात्र वहीत अकरा ठिकाणी का आले आहे, हे मला सांगता येत नाही.

विभागाला अंतिम तक्ता आज पाठवला. बेरीज तीनदा तपासली.

सीताअशोक: एकशे सदुसष्ट. मोजणीला गेलेली माणसे: दोन.