वाळूसकट

त्याने पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि शेवाळाच्या आधी वाळूच बाहेर आली... थेट वजनकाट्यापर्यंत.

"शेवाळ आणलंय की अख्खा किनारा?" मी नाक मुरडून विचारलं.

"किनारा फुकट, मॅडम. तपासा फक्त शेवाळ," असं म्हणत तो ओल्या बाहीनेच टेबल पुसायला लागला. टेबल आणखी घाण झालं. मी रागवायला तोंड उघडलं आणि हसू फुटलं. आमच्या अन्नतपासणीच्या तळघरात उजेड बेताचाच, हसणं त्याहून बेताचं. त्यामुळे मलाच दचकायला झालं.

तो आणि त्याची थोरली बहीण मिळून खडकांवरचं खायचं शेवाळ काढून वाळवायचे. मुलांसाठी पौष्टिक भुकटी बनवणारी एक कंपनी ते घ्यायला तयार होती. नमुना एकच, तोही पंधरा दिवसांत, आणि जीवनसत्त्वं पुरेशी भरली तरच. आजची पिशवी नुसती चाचपणीसाठी होती.

"आणि नाही भरली तर?"

"तर जहाजावर नोकरी. तीन वर्षं. मामाने शब्द टाकलाय."

मग तो एक दिवसाआड यायचा. कधी पावती विसरली म्हणून, कधी छत्री. शेवाळातली चरबी काढून मी काचेचा चंबू त्याच्यापुढे धरला, तेव्हा तो हिरमुसला.

"एवढंसं?"

"शंभर ग्रॅममागे दोन ग्रॅम. पण आहे ते चांगल्या जातीचं. माशाच्या तेलात असतं ना, हृदयाला चांगलं, तेच."

"म्हणजे थोडंच, पण कामाचं."

"हो. तुमच्या बोलण्याच्या अगदी उलट!"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मी उगाच चंबू पुसत बसले... तो स्वच्छच होता.

पंधराव्या दिवशी खरा नमुना आला. लख्ख, कुरकुरीत, वाळूचा एक कण नाही. "आता काढा बरं खोड!" तो ऐटीत म्हणाला.

खोड मी काढली नाही, यंत्राने काढली. 'क' जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. 'अ' ज्यापासून बनतं तो रंगही उडालेला. मी तीनदा तपासलं. आकडा हलला नाही. संध्याकाळी तो आला, तेव्हा मी आधी एवढंच विचारलं, "धुतलंत कसं?"

"गोड्या पाण्यात भिजवलं दिवसभर. पाणी तीनदा बदललं. मग पत्र्यावर चार दिवस कडक उन्हात." तो हसला. "तुम्ही नाक मुरडलं होतं ना, मॅडम..."

'क' पाण्याबरोबर वाहून गेलं होतं, रंग उन्हाने खाल्ला होता. समुद्राच्याच पाण्यात खळबळून सावलीत वाळवायचं, एवढं एक वाक्य मी सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी विनोद केला होता. अहवाल समोर होता, सही माझी व्हायची होती. पेन हातात घेतलं, पण आकड्याच्या जागेवरून ते पुढे सरकेना.

"नको," तो हळूच म्हणाला. "आकडा बदलू नकोस. लहान मुलं खाणार आहेत ते."

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला — आणि तेही असं!

मी खरा आकडा लिहिला, खाली धुण्या-वाळवण्याची योग्य रीत लिहिली, सही केली. मग मात्र धीर सुटला. "मला तू आवडतोस," मी म्हणाले. "आणि तुला जहाजावर मीच धाडतेय."

"मी तरी ते कुणासाठी एवढं धुतलं होतं?" त्याने अहवालाची घडी करून खिशात ठेवली. त्या दिवशी छत्री विसरला नाही.

आठ महिन्यांनी त्याची ताई आली, काळ्या कापडात गुंडाळलेली पिशवी घेऊन. कंपनीने पुन्हा नमुना मागवला होता. तिने पिशवी उघडली, तशी टेबलभर वाळू पसरली.

"माफ करा हं," ती ओशाळली. "जाताना तोच बजावून गेला. सावलीत वाळव, आणि त्या मॅडमकडे नेशील तेव्हा वाळूसकट ने म्हणाला."

या वेळी सगळं भरलं. 'क' भरलं, 'अ' भरलं, ते दोन ग्रॅमही तसेच. हाच अहवाल तेव्हा हवा होता, या विचाराने माझे डोळे भरून आले. मी खाली मान घालून सही केली आणि कागद तिच्या हातात दिला.

ताईने कागद घेतला, माझ्याकडे नीट पाहिलं.

"अजून दोन वर्षं, चार महिने," ती म्हणाली.

मी काही विचारलंच नव्हतं.