सियाचीनची पिवळी गोळी

"सात मिनिटं चोवीस सेकंद!" शिवतेज मोबाईल नाचवत एवढ्या जोरात ओरडला, की बाभळीवरचे बगळे उडाले. "सई, ताई साडेसातच्या आत आली गं!"

सईनं टाळी वाजवली खरी, पण तिच्या डोक्यात चक्रं सुरू झाली होती. सांगलीहून दिवाळीच्या सुट्टीला औंधला मामाकडे आलेली ही बारा वर्षांची पोरगी म्हणजे भारी चौकस! शिवतेज तिचा मामेभाऊ आणि क्रांतीताई त्याची थोरली बहीण. येत्या बुधवारी सांगलीला ताईची सैन्यभरती होती. सोळाशे मीटर साडेसात मिनिटांत पळायचं, नाहीतर वर्षभराची मेहनत पाण्यात. आणि महिन्यापूर्वी ताई पावणेआठच्या खाली येतच नव्हती!

"एका महिन्यात एवढा फरक कसा रे?"

शिवतेज कानाशी आला. "नानांची पिवळी गोळी! सियाचीनची हाय. बर्फात जवानांना दम लागू नये म्हणून देत्यात म्हणं. पळायच्या आधी एक. पण चावायची न्हाई, नुसती गिळायची!"

नाना म्हणजे निवृत्त हवालदार नानासो. गावातली भरतीची पोरंपोरी तेच घडवायचे.

सईनं त्याचा दंडच धरला. "अरे, ती उत्तेजक गोळी असली तर? भरतीच्या तपासणीत सापडलं तर ताईला कायमचं बाहेर काढतील!"

"काय बी बोलू नगंस. नाना तसलं देणार न्हाईत."

"मग चावायची का नाही?"

शिवतेजनं डोकं खाजवलं.

बेत ठरला. तशाच दिसणाऱ्या निरुपद्रवी गोळ्या करायच्या आणि नानांच्या डब्यात गुपचूप बदलून ठेवायच्या. मामाच्या घरी पीठ मागितलं तर शंभर प्रश्न येतील, म्हणून सई नानांच्याच घरी गेली. त्यांच्या बायकोला, सुलाबाईंना, म्हणाली, "आजी, मूठभर ज्वारीचं पीठ द्याल? आणि चिमूटभर हळद. शाळेचा प्रकल्प आहे."

"अगं बया! तुमास्नी बी लागलं व्हय?" सुलाबाई बोलून गेल्या, मग जीभ चावून त्यांनी पीठ-हळद काढून दिली. सईला नवल वाटलं, पण गडबडीत ती ते विसरली.

गच्चीवर ताटलीत गोळ्या वाळल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी नाना घोरायला लागल्यावर शिवतेजनं खिडकीतला पत्र्याचा डबा काढला. आत नऊ पिवळ्या गोळ्या. अदलाबदल झाली, आणि तेवढ्यात नाना खोकले. शिवतेजच्या हाताला हिसका बसला! डब्यातून काढलेल्या आठ गोळ्या अंगणात सांडल्या. नववी तेवढी शेजारी उभ्या सईच्या मुठीत राहिली. नानांची कोंबडी धावत आली आणि आठही गोळ्या टिपून मोकळी झाली.

"मेलो! आता ही औंध सोडून पळतीय बघ!"

दोघं अर्धा तास कोंबडीवर पहारा देत बसले. कोंबडी पाटीखाली शिरली आणि डोळे मिटून बसली. पळणं लांबच, तिनं मानही हलवली नाही.

रविवारी सकाळी मैदानावर नानांनी ताईच्या तळहातावर गोळी ठेवली, वरून आपला हात दाबला. "गिळ! आता तुला थांबवणारं कोन हाय?" ताईनं गोळी गिळली आणि ती सुटली. शेवटच्या फेरीला तर अशी पळाली, की शिवतेजला घड्याळ थांबवायचं भान राहीना.

"सात बावीस!" तो सईकडे बघतच राहिला. "आपल्या पिठावर?"

आता सईला सुलाबाईंची चावलेली जीभ आठवली. दोघं तडक नानांच्या ओट्यावर गेले. सईनं दोन गोळ्या पुढं धरल्या, एक जपून ठेवलेली नववी आणि एक त्यांची स्वतःची उरलेली. "नाना, यातली तुमची कुठली?"

नानांनी एक जिभेला लावली. "ही!"

"ती आमची आहे! आम्ही गोळ्या बदलल्या होत्या!"

सुलाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "आवं, पीठ एकाच डब्यातलं. तुमी वळखणार कसं?"

नानांनी मान खाली घातली. "पोरीचं पाय कवाच तयार झालं हुतं रं. मनच मागं राहत हुतं. म्हणून ही युक्ती केली."

"पण नाना, भरतीच्या गेटवर गोळी आत नेऊ देतील?"

नानांनी कपाळावर हात मारला. "आयला! हे डोक्यातच आलं न्हाई!"

मागं पाण्याची बाटली पडल्याचा आवाज झाला. दारात क्रांतीताई उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती पाठ फिरवून निघून गेली.

सोमवारी गोळी नव्हती. वेळ आली सात मिनिटं एक्कावन्न सेकंद. ताई मातीत बसली आणि रडायला लागली. "पाय उचलतच न्हाईत. म्हैनाभर मी खोटंच पळत हुते."

"तूच उकरून काढलंस!" शिवतेज सईवर खेकसला. सईलाही रडू फुटलं. ताईचं वाटोळं आपणच केलं, असं तिला वाटलं. पण मग तिनं डोळे पुसले, मोबाईल उचलला आणि ताईसमोर उकिडवी बसली.

"ताई, गोळीत काहीच नव्हतं ना?"

"न्हवतं."

"कालच्या आमच्या गोळीतही पीठच होतं. मग सात बावीसला पळालं कोण? पीठ? कोंबडीनं तर आठ गोळ्या खाल्ल्या. ती अजून पाटीखालीच बसलीय!"

ताईनं मोबाईलमधला आकडा पाहिला. पुन्हा पाहिला. मग रडता रडता तिला फिस्सकन हसू आलं. "पीठ कसलं पळतंय गं! मीच पळाले की!"

बुधवारी नाना आणि दोघं पोरंही ताईबरोबर सांगलीला आले. गेटवर जवान प्रत्येकीचे खिसे तपासत होता. ताईनं सवयीनं नानांपुढं हात केला. नानांकडे द्यायला काही नव्हतं. त्यांनी रिकामाच हात तिच्या हातावर दाबला. "गिळ!"

ताईनं आवंढा गिळला, हसली आणि आत गेली.

तासाभरानं ती धावतच बाहेर आली. "सात एकोणीस! पास झाले, नाना!"

नानांचे डोळे भरून आले. त्यांनी टाचा जुळवून सईला आणि शिवतेजला कडक सॅल्यूट ठोकला. "हवालदार मी, पण खरी अक्कल तुमची गड्यांनो! मी पोरीला गोळी दिली. तुमी तिला तिचं पाय परत दिलंत."

त्या रात्री सुलाबाईंनी सगळ्यांना जेवायला बोलावलं. ताटात त्याच डब्यातल्या पिठाची टम्म फुगलेली भाकरी होती.

"घ्या रं पोरांनो," त्या म्हणाल्या, "ही मातुर चावून खायची!"